माघारीची सोय

ऑफिसात तिला सगळे कुलूप म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट एखादा नवखा चाचरत 'मॅडम' म्हणाला, तर तो दुसऱ्याच कोणाला हाक मारतोय असं वाटून ती मागे वळून बघायची.

नाव पडायचं कारण तिच्या कामात होतं. ते लोक मिळून संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बनवत. यंत्राचं बटण दाबलं की सगळ्यांत आधी जे जागं होतं आणि मग बाकीच्यांना उठवून कामाला लावतं, ते. वाचनालयं, दवाखाने, शाळा, तिकिटाच्या खिडक्या अशा ठिकाणी ती चालायची. दर सहा महिन्यांनी तिची एक ताजी आवृत्ती निघे आणि दोन वर्षांतून एकदा पक्की. ताजी आवृत्ती हौशी लोकांसाठी. तिच्यात नवं काय वाटेल ते घालायचं, बिघडलं तर पुढच्या खेपेला निस्तरायचं. पक्की मात्र अशा जागी जायची जिथे कोणाला हौस नसते, समोर रांग असते. ती एकदा बसली की वर्षानुवर्षं तशीच चालायची. म्हणून पक्की निघायच्या आधी गोठवणीचा एक दिवस ठरलेला असे. त्या दिवसानंतर नवीन काहीही आत येणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. त्या दिवशी दार लावून घ्यायचं काम तिचं होतं.

दार ती लावायची म्हणजे लावायचीच. शेवटच्या आठवड्यात लोक चेहरा पाडून तिच्या टेबलाशी येत. एवढंसंच आहे, तयारच आहे, कोणाला कळणारही नाही, असं काहीबाही सांगत. ती त्यांना कॉफी देई, सगळं ऐकून घेई आणि इतक्या गोडीत नाही म्हणे, की आपल्याला नकार मिळालाय हे माणसाला बाहेर जिन्यात गेल्यावर कळे. तिच्या आधी त्या खुर्चीत बसणारा माणूस भिडस्त होता. त्याने एकदा शेवटच्या क्षणी कोणाचं तरी 'एवढंसंच' आत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडक्यांवरची यंत्रं उठलीच नाहीत. ही तेव्हा नुकतीच लागली होती. खांद्याला पिशवी लावून ती खिडकीखिडकीला हिंडली, आणि काचेपलीकडची रांग काय काय बोलते ते टेबलाखाली वाकून वायरी जोडता जोडता तिने ऐकलं. पुन्हा ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

आणि या कुलपाच्या घरात भिंगरी आली होती.

आणली होती तिनेच. मुलाखतीला आलेली ती मुलगी फळ्यावर एक गोष्ट समजावताना खडू संपला तरी बोटाने लिहीतच राहिली, तेव्हाच कुलपाने तिला निवडून टाकलं. पुढे एका रविवारी कौतुकाने घरी जेवायला नेलं. घरात धाकटा भाऊ होता. शाळेत मुलांना खेळ शिकवणारा, एरवी जेवताना अखंड बडबडणारा. त्या दिवशी तो मान खाली घालून निमूट जेवला. वर्षाच्या आत भिंगरी त्या घरची सून झाली. आता खालच्या मजल्यावर नवरा-बायको आणि वर नणंद, अशी मांडणी होती. जेवण तिघांचं एकत्र, खाली. भिंगरी तिला एरवी ताई म्हणायची. डिवचायचं असलं की मुद्दाम 'वन्सं'. ऑफिसात ती नवीन गोष्टी करणाऱ्या गटाची मुख्य होती, म्हणजे दाराच्या बरोबर पलीकडच्या बाजूची. भाऊ म्हणायचा, मी शाळेत दिवसभर शिट्टी फुंकतो ती सवय राहावी म्हणून. खरा सामना घरी असतो.

ते वर्ष पक्कीचं होतं. गोठवणीला जेमतेम आठवडा उरला असताना भिंगरी कुलपाच्या टेबलाशी आली. चेहरा पाडून नाही, तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून, धापा टाकत. तिने खुर्ची ओढली आणि आपण काय केलंय ते सांगायला सुरुवात केली.

तिने त्याला माघार असं नाव दिलं होतं. आतापर्यंत नवी आवृत्ती जुनीच्या अंगावरच बसायची. मधेच वीज गेली किंवा काही पटलं नाही, तर जुनीही गेली आणि नवीही. भिंगरीने यंत्रात दोन खोल्या केल्या. जुनी आवृत्ती एका खोलीत सुखाने चालू राहील. नवी शेजारच्या रिकाम्या खोलीत हळूच उतरेल. यंत्र पुढच्या वेळी नव्या खोलीत जागं होऊन बघेल. जमलं तर छान. नाही जमलं, तर कोणी काही न करता आपणहून जुन्या खोलीत परत येईल, जणू काही झालंच नाही.

कुलूप ऐकत होती. इतकी वर्षं ती ज्या भीतीवर पहारा देत बसली होती, त्या भीतीचं औषधच कोणीतरी टेबलावर आणून ठेवलं होतं. पण दुसऱ्याच क्षणी तिला त्याची दुसरी बाजू दिसली. दोन खोल्या करायच्या म्हणजे घराचा पायाच उकरायचा. यंत्र कसं उठतं, कुठून उठतं, सगळं बदलणार. इतक्या वर्षांत तिच्याकडे आलेल्या सगळ्या 'एवढंसंच'मध्ये हे सर्वांत खोल जाणारं होतं, आणि ते आलं होतं सर्वांत उशिरा.

तिने कॉफी मागवली. भिंगरीने कपाकडे बघितलं आणि ओळखलं.

"ताई, ही कॉफी मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी नाही पिणार."

नकार कॉफीशिवायच द्यावा लागला. ताज्या आवृत्तीत घाल, सहा महिने हौशी लोकांना वापरू दे, मग पुढच्या पक्कीत बघू, असं कुलपाने सांगितलं. पुढची पक्की दोन वर्षांनी, भिंगरी म्हणाली. म्हणजे ज्यांना माघारीची खरी गरज आहे त्या दवाखान्यांना आणि तिकीटवाल्यांना ती दोन वर्षं मिळणार नाही. आणि ज्यांना बिघडलं तरी गंमत वाटते त्या हौशी लोकांना आजच मिळेल. हे काय गणित झालं? कुलपाकडे फक्त नियम होता, आणि तो तिने सांगितला.

संध्याकाळी जेवताना दोघी एकमेकींशी फार सभ्यपणे बोलू लागल्या. मीठ हवं का, पाणी घ्या ना. भाऊ घाबरला. त्याने दोन्हीकडे बघून विचारलं, की हा खेळ चालू आहे की संपला. मग भिंगरीनेच एकदम सांगून टाकलं आणि सूप गार होईपर्यंत वाद रंगला. शेवटी भाऊ म्हणाला, की त्याच्या शाळेत एखादं नवं पोरगं मला संघात घ्या म्हणून मागे लागलं, तर तो त्याला नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. त्याला सगळ्यांत दांडग्या पोराच्या समोर उभं करतो.

भिंगरीने चमचा खाली ठेवला.

"वन्सं, तुमच्याइतकं दांडगं ऑफिसात कोण आहे? गोठवणीपर्यंत माघार तुमच्या ताब्यात. मोडून दाखवा. मोडली तर मी शब्द काढणार नाही."

कुलपाच्या अंगात तो शब्द सरसरत गेला. मोडून दाखवा. इतकी वर्षं लोक तिच्याकडे विनवण्या घेऊन आले होते. आव्हान घेऊन कोणी आलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, उद्यापासून सुरू करते. पण वर गेल्यावर ती खिडकीत उभी राहून मोडायच्या युक्त्याच आठवत बसली आणि आपण हसतोय हे तिला काचेत दिसलं.

तळमजल्यावर चाचणीची खोली होती. जगात कुठे कुठे आपली सिस्टिम चालत असेल याचा नमुना म्हणून तिथे हरतऱ्हेची यंत्रं मांडून ठेवली होती. नवी सडसडीत, जुनी पेटाऱ्यासारखी, वाचनालयांनी टाकून दिलेली, एक तर चहा सांडलेलं. त्या खोलीचा मालक होता उपट्या. यंत्र ऐन कामात असताना वायर उपटून पुढे काय होतं ते बघायचं, ही त्याची नोकरी, नाव त्यावरून. कुलपाने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याचे डोळे लकाकले. मोडायचं काम मिळालं की तो एरवीपेक्षा दहा वर्षांनी लहान व्हायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी साध्या गोष्टी केल्या. नवी आवृत्ती उतरत असताना वायर उपटली. यंत्र जुन्या खोलीत उठलं. नवी खोली अर्धवट भरलेली असताना उपटली. यंत्र जुन्या खोलीत उठलं. मुद्दाम कुजकी, मोडकी आवृत्ती उतरवली. यंत्राने नव्या खोलीत डोकावून बघितलं, दोनदा प्रयत्न केला आणि खाली मान घालून परत आलं. उपट्या म्हणाला, बाई, हे यंत्र आपल्यापेक्षा शहाणं दिसतंय. दुपारी कुलूप स्वतःच्या टेबलाकडे फिरकली नाही. तिथे दुसऱ्या कामांचा ढीग साचला आणि ती खाली बाह्या सरसावून यंत्रं उघडत बसली.

दुसऱ्या दिवशी ती खुनशी झाली. डिस्क काठोकाठ भरली, खोल्यांमधली भिंत खरवडली, दोन्ही खोल्यांच्या दारावरच्या पाट्यांची अदलाबदल केली. एका ठिकाणी माघार खरंच अडखळली. लहान डिस्कवर दुसऱ्या खोलीला जागाच नव्हती आणि यंत्र नुसतं विचार करत बसलं. कुलपाने वर निरोप धाडला. भिंगरी दोन-दोन पायऱ्यांनी उतरली, बघितलं आणि अर्ध्या दिवसात दुरुस्त केलं. जागा नसेल तर यंत्र आधीच तसं सांगेल आणि जुन्याच पद्धतीने चालेल. हे मोडण्यात धरायचं का, यावर दोघींचा थोडा वाद झाला. शेवटी कुलूप म्हणाली, हा ओरखडा. मोडणं म्हणजे यंत्र उठणारच नाही, ते.

एव्हाना ऑफिसभर बातमी पसरली होती. लोक काहीतरी निमित्त काढून तळमजल्यावर यायचे, दारातून डोकावायचे, कुलूप काय करतेय ते बघून वर जाऊन सांगायचे. कोणी भिंगरीच्या बाजूचे, कोणी कुलपाच्या. दोन गटांच्या टेबलांमध्ये एरवी थंड शेजार असायचा. आता तिथे सतत गलका. मोठे साहेबही एकदा येऊन गेले. ते गंभीर गृहस्थ होते, संस्थेचे प्रमुख. त्यांनी हात मागे बांधून पाहिलं आणि एक वायर आपणही उपटू का, असं हळूच विचारलं.

गोठवणीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून भाऊ सगळ्यांसाठी पाव आणि चीज घेऊन आला आणि तिथेच रमला. कुलपाच्या मनात एक शेवटचा प्रयोग होता. खऱ्या जगात वीज जाते ती एका यंत्राची जात नाही, सगळ्यांची एकदम जाते. तर खोलीतल्या सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी नवी आवृत्ती उतरवायची आणि एकाच क्षणी सगळ्यांच्या वायरी काढायच्या. साधं बटण बंद करून भागलं असतं, पण उपट्याला ते पटेना. मग वरून माणसं बोलावली. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन वायरी. साहेबांच्या हातातही दोन. भाऊ टेबलावर चढला आणि त्याने खिशातली शिट्टी काढली. भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. नखं खात होती.

शिट्टी वाजली. सगळ्यांनी एकदम वायरी उपटल्या. खोलीतली घरघर तुटली आणि इतकी शांतता झाली, की बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली तीही ऐकू आली.

मग वायरी पुन्हा लागल्या. एक पडदा उजळला, मग दुसरा, मग त्या कोपऱ्यातले तीन. प्रत्येक उजळणाऱ्या पडद्याला कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. चहा सांडलेलं यंत्रही उठलं, तेव्हा साहेबांनी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली. कुलूप मोजत नव्हती, पण तिची नजर ओळीने पुढे पुढे सरकत होती आणि तिच्या लक्षात आलं, की आपणही प्रत्येक पडद्याला मनातल्या मनात 'ऊठ, ऊठ' म्हणतोय.

सगळ्यांत शेवटी खिडकीखालचं एक जुनं, पेटाऱ्यासारखं यंत्र उरलं. ते उठलं. मग आपणहून बंद झालं. पुन्हा उठलं, पुन्हा बंद झालं. खोलीतल्या टाळ्या एकेक करून विरल्या. यंत्र उठत होतं, निजत होतं, उठत होतं. दोन खोल्यांच्या मध्ये येरझारा घालणाऱ्या माणसासारखं.

"मोडली," उपट्या म्हणाला. आनंदाने म्हणाला, आणि मग भिंगरीकडे बघून त्याने जीभ चावली.

कुलूप तोवर यंत्रापुढे गुडघे टेकून बसली होती. शिकाऱ्याला माग लागावा तसं काहीसं झालं होतं तिचं. दर वेळी पडदा क्षणभर उजळायचा, तेवढ्यात ती एकेक कोपरा वाचून काढत होती. आणि तिला दिसलं. कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती. तिने उपट्याला विचारलं. या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेलीय, तो म्हणाला. वीज गेली की हे यंत्र जन्माच्या तारखेला जाऊन बसतं, तशी बॅटरी आता मिळतही नाही.

"तू नवी खोली कोणती हे कशावरून ठरवतेस?" कुलपाने मागे न वळता विचारलं.

भिंगरीचा आवाज अगदी बारीक आला. "तारखेवरून."

सगळा उलगडा झाला. वीज गेली, यंत्राचं घड्याळ मागे पळालं. त्यानंतर भरलेल्या नव्या खोलीवर जुनी तारीख पडली. यंत्राला वाटलं, हीच जुनी खोली. ते दुसरीकडे गेलं. तिथे कळलं की नवी आवृत्ती उतरवायची राहिलीय. ते परत निघालं. असं जन्मभर. आणि अशी मेलेल्या बॅटरीची यंत्रं फक्त या खोलीत नव्हती. शाळाशाळांतून, वाचनालयांतून ती हजारोंनी असणार.

कुलूप उठली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. ती काहीतरी बोलणार, इतक्यात भिंगरी म्हणाली, की ठरलं होतं तसं आपण माघार मागे घेतोय. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण ते तिला जमत नव्हतं. बॅटरी मरते एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, ती म्हणाली. म्हणजे अजून काय काय आलं नसेल. ताई म्हणत होत्या तेच बरोबर, हे पक्कीत घालायची माझी हिंमत नाही.

इथे घडलं ते ऑफिसात पुढे बरेच दिवस सांगितलं गेलं. कुलूप म्हणाली, मुळीच मागे घ्यायची नाही.

लोकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण तिने साहेबांच्या समोर, हातात अजून वायर असलेल्या साहेबांच्या समोर, सरळ मांडून दाखवलं. बाकीच्या लोकांचं 'एवढंसंच' ती एका सकाळीत मोडते आणि ते तिने कितीदा केलंय. हे मोडायला तिला जंग जंग पछाडावं लागलं, आणि मोडलं तेव्हा नेमकं कुठे मोडलं तेही सापडलं. शिवाय पक्की कितीही राखली तरी तिच्यात काहीतरी निसटतंच. दर वेळी निसटतं. ते निसटलं की तिच्या हातात खांद्याच्या पिशवीखेरीज काही नसतं.

"मी इतकी वर्षं दार लावून घेत आले, कारण आत गेलेलं बाहेर काढायची सोय नव्हती," ती म्हणाली. "ही सोय आहे. ती दाराबाहेर ठेवून मी कुलूप कशाला लावू?"

"पण उद्या गोठवण आहे," साहेब म्हणाले.

"दोन आठवडे पुढे न्या."

तारीख पुढे न्यायची असं कुलूप म्हणतेय हे समजायला साहेबांना जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, की त्याच्या बदल्यात काय. साहेब उगाच साहेब झाले नव्हते. दोन आठवडे मिळाले की सगळेच आपापलं काहीतरी घेऊन रांगेत उभे राहणार. कुलपाने त्याचाही विचार केला होता. तिने सांगितलं, की एवढी मोठी गोष्ट आत यायची तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आधी आत घेतलेल्यांपैकीही दोन गोष्टी ती काढणार. त्यातली एक भिंगरीचीच होती, फायली शोधायची नवी खिडकी, जिच्यावर तिचा जीव होता. भिंगरीने नणंदेकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. त्याआधी माघार आत घ्यायलाच ती तयार नव्हती. मी जबाबदारी घेणार नाही म्हणत होती. तेव्हा नणंद नव्याच्या बाजूने आणि भावजय नियमाच्या बाजूने, असा उलटा वाद तिथे वायरींच्या मध्ये उभं राहून झाला. टेबलावर उभा असलेला भाऊ कोणाची बाजू घ्यावी हे न कळून खाली उतरला आणि पाव वाटू लागला.

साहेबांनी दिलेले ते दोन आठवडे असे गेले, की त्यांची आठवण निघाली तर दोघी अजून एकदम बोलायला लागतात. भिंगरीने तारीख काढून टाकली. प्रत्येक खोली भरताना तिच्यावर एक आकडा घालायचा, मागच्यापेक्षा एकाने मोठा. मोठा आकडा ती नवी खोली. आकड्याला घड्याळ लागत नाही. एवढीशी दुरुस्ती, पण त्यासाठी तिने आठ दिवस सगळं पुन्हा उकरलं. एकीने बांधायचं, दुसरीने पाडायचं, असं त्यांचं चालू झालं. जेवताना, जिन्यात, बसथांब्यावर. कुलूप मधेच घास थांबवून विचारायची, आणि समजा कोणी चालू यंत्राची डिस्कच काढून दुसऱ्याला लावली तर? भिंगरी डोळे मिटून विचार करायची आणि मग म्हणायची, वाचेल. किंवा ताट तसंच टाकून उठायची. भाऊ म्हणाला, आपलं लग्न झालंय हे कोणीतरी मला लिहून द्या.

नव्या तारखेला दार लागलं. या वेळी कुलूप ते लावायला स्वतःहून उभी राहिली, तेव्हा दोन्ही गटांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती इतकी लाजली की कॉफीचा कप घेऊन तडक तळमजल्यावर निघून गेली.

पक्की निघाली त्या सकाळी सगळे मोठ्या पडद्यापुढे जमले होते. यंत्रं नवी आवृत्ती घेऊन नीट उठली की तिथे हिरवा ठिपका पडायचा. एखादं माघारी फिरलं तर पिवळा. हिरवे ठिपके आधी तुरळक पडले, मग सर आली तसे. वाचनालयं, शाळा, तिकिटाच्या खिडक्या. भिंगरी एका जागी उभी राहत नव्हती. कुलूप हाताची घडी घालून अगदी स्थिर होती, पण तिची बोटं दंडात रुतली होती.

मग एक पिवळा ठिपका पडला. शेजारीच दुसरा, तिसरा. गर्दीतून हं असा आवाज आला. उपट्याने माहिती काढली: डोळ्यांच्या दवाखान्यांत तपासणीचं एक खास यंत्र संगणकाला जोडलेलं असतं, ते नव्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. ही चूक माघारीची नव्हतीच. पक्कीत दुसरीकडेच राहून गेलेली होती. कुलूप म्हणाली होती तसं काहीतरी निसटलं होतं. पण पिवळे ठिपके पिवळेच राहिले. म्हणजे यंत्रं उठली होती. जुन्या खोलीत, सुखरूप.

फोन वाजेल म्हणून सगळे वाट बघत राहिले. वाजला नाही. एकाही दवाखान्यातून तक्रार आली नाही.

दुपारपर्यंत चुकीचं मूळ सापडलं, आणि दुरुस्ती तयार होईपर्यंत भिंगरीला धीर निघेना. त्यातला एक दवाखाना ऑफिसपासून चालण्याच्या अंतरावर होता. आपण जाऊन बघू या, ती म्हणाली. कुलूप एरवी म्हणाली असती की काय बघायचंय. या वेळी तिने आधीच चपला घातल्या होत्या.

दवाखान्यात बाकांवर लोक बसले होते, कोणाच्या डोळ्यांत थेंब घातलेले. टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवलेल्या एक प्रौढ बाई होत्या. त्यांच्या पुढ्यात ते यंत्र, जुन्या आवृत्तीवर, बिनबोभाट चालू. दोघी टेबलासमोर उभ्या राहून त्याच्याकडे एखाद्या बाळाकडे बघावं तशा बघत राहिल्या. बाईंनी विचारलं, नंबर लावलाय का. कुलपाने आपण कोण ते सांगितलं आणि सकाळी काही त्रास झाला का असं विचारलं.

"कसला त्रास?" बाई म्हणाल्या. "रोजच्यासारखं चालू झालं. का, काही व्हायला हवं होतं का?"

भिंगरीने नणंदेचा दंड धरला तो इतका घट्ट की वळ उठावा. कुलपाला त्या अनोळखी बाईंना मिठी मारावीशी वाटत होती, आणि आजवर कुठल्याच कौतुकाने तिला असं झालं नव्हतं. काही नाही, काही व्हायला नको होतं, असं तिने कसंबसं सांगितलं.

दोघी वळणार इतक्यात बाईंनी हाक मारली. आलाच आहात तर एक सांगते, म्हणाल्या. पडद्यावरचा तो बाण सारखा हरवतो. औषध घातलेल्या पेशंटसारखी मी त्याला शोधत बसते. जोरात हलवला की तो जरा मोठा होऊन दिसायला हवा; असं काही करता येतं का?

भिंगरीने काही न बोलता हळूच नणंदेकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

"पक्कीत आता काही नवीन येणार नाही," कुलूप म्हणाली. "दार लागलंय."

बाईंनी बरं म्हणून चष्मा खाली ओढला. दोघी दारापर्यंत गेल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवून कुलूप थांबली, परत टेबलापाशी आली आणि बाईंना विचारू लागली, की बाण किती मोठा व्हायला हवा, किती जोरात हलवल्यावर, आणि चुकून हलला तर तो मोठा झालेला चालेल का. भिंगरीने शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि फोनवर लिहून घ्यायला सुरुवात केली.